नोंदीसाठी नाव आणि पत्ता

"माझं नाव टाका," ट्वायला म्हणाली. "आधी आडनाव, मग नाव. असंच टाकायचं असतं ना?"

मी टाकलं. पडद्यावर आधी आमची अख्खी टॅन्सी काउंटी दिसली, मग घार खाली झेपावते तसे डोंगर मोठे होत गेले, आणि पिजन फोर्क ओढ्याच्या काठाला एक लहानसा चौकोन पिवळा झाला. चौकोनात करड्या छपराचं घर. बाजूच्या पट्टीत मजकूर आला: मालक, पत्ता, जमीन किती, बांधकाम कधीचं, खोल्या किती. त्याच्याखाली एक फोटो होता, रस्त्यावरून काढलेला.

"दारसुद्धा?" ती म्हणाली.

"कर आकारणारे येऊन काढून जातात," मी म्हणालो. "घराची अवस्था कशी आहे ते बघायला."

"दाराला एकच कडी आहे, तीही दिसतेय."

ती खुर्चीवर बसली नव्हती. माझ्या मागे उभी होती आणि तिच्या एप्रनला भाजलेल्या पावाचा वास येत होता. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती तशीच आली होती. मी लायब्ररीत कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसतो, लोकांना अर्ज भरून देतो, पेन्शनचं पान उघडून देतो. बोलायला मला फारसं जमत नाही. पुस्तकांनी भरलेल्या खोलीत म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलायला लावत नाही, म्हणूनच ही जागा मी धरून आहे. ट्वायला मात्र वर्षानुवर्षं पुस्तकं न्यायला यायची, उभ्या उभ्या दोन गोष्टी बोलून जायची. आमच्या गावातली निम्मी माणसं तिच्या हातची राजमा-खिम्याची चिली आणि सोबत पीनट बटरचं सँडविच खाऊन मोठी झाली आहेत.

तिनं फोन माझ्यासमोर धरला. त्यावर हेच चित्र होतं. तोच ओढा, तोच पिवळा चौकोन. खाली एक ओळ लिहिलेली: *छान अंगण आहे.*

"डॅरल?" मी विचारलं.

"नाव कशाला लिहील तो? पण माझं अंगण छान आहे असं सांगायला दुसरं कोण येणार आहे, मिस्टर ऑर्विल?"

डॅरल पिटमन तिचा नवरा होता. आता नाही. काउंटीच्या तुरुंगात तो पहारेकरी आहे. गोरागोमटा, हसतमुख, कोणाची गाडी बर्फात अडकली तर आपणहून दोर लावून ओढून देणारा. ट्वायलाचं डावं मनगट पूर्ण वळत नाही. भट्टीतले मोठे ट्रे ती उजव्या हातावर तोलते आणि डाव्यानं नुसता आधार देते. लोकांनी विचारलं तर सांगायची, ट्रे पडला होता. लोक फार विचारत नसत. घटस्फोटानंतर ती दोन डोंगर ओलांडून पिजन फोर्कला गेली. तिथे रस्ताच संपतो. कामावरून घरी जाताना ती मोठा वळसा घालायची, आणि घर कुठे घेतलंय ते मोजक्या माणसांनाच ठाऊक होतं.

"पोलिसांत गेले होते," ती म्हणाली. "तिथला पोरगा म्हणतो, मॅडम, ही तर तारीफ आहे. कोर्टाचा मनाईहुकूम होता, त्याची मुदत संपली. नवा हवा तर नवी धमकी लागते म्हणे. अंगण छान आहे ही धमकी होत नाही."

काय बोलायचं ते मला नेहमी घरी गेल्यावर सुचतं.

"आता त्याचं नाव टाका."

मी टाकलं. पिटमन, डॅरल. पडदा क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला आणि मग उत्तर आलं: *एकही नोंद सापडली नाही.*

"स्पेलिंग बघा."

मी बघितलं. पुन्हा टाकलं. तेच.

"असं कसं? ते घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. मी त्यात बावीस वर्षं भांडी घासली." तिनं पुढे वाकून पडद्यावर बोट टेकवलं. "इथे. हा क्वॉरीचा रस्ता. हे चर्च. त्याच्या मागचं तिसरं."

मी तिसऱ्या घरावर टिचकी मारली. चौकोन पिवळा झाला. बाजूच्या पट्टीत मालकाच्या जागी एकच शब्द होता: *गोपनीय.* पत्त्याची जागा कोरी. फोटोच्या जागी करडा ठोकळा.

ट्वायला हसली. लायब्ररीतली दोन-तीन डोकी वर झाली, इतक्या मोठ्यानं हसली. मग एकदम थांबली.

"चला," ती म्हणाली. "कोर्टहाउसला. तुम्ही बोला, तुम्हाला शब्द येतात."

मला शब्द येतात हा तिचा समज कुठून झाला होता कोण जाणे. पण मी टोपी घेतली.

कोर्टहाउसमधल्या कर-आकारणीच्या खिडकीशी कॉरीन बसते. ट्वायला आणि ती शाळेत एका वर्गात होत्या. कॉरीननं तिला बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, आज पाव जळाले वाटतं? तोंड बघ कसं झालंय."

"कॉरीन, नकाशावरून माझं नाव काढ."

"कुठल्या नकाशावरून?"

ट्वायलानं फोन दाखवला. कॉरीननं वाचलं. तिचं हसू मावळलं. तिनं मागे वळून साहेबांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"नाही काढता येत गं. जमिनीची मालकी ही सगळ्यांची माहिती. कायदाच आहे तसा."

"त्याचं काढलंय."

"तो तुरुंगात कामाला आहे. न्यायाधीश, पोलीस, पहारेकरी, सरकारी वकील, यांची नावं झाकतात. सुटलेले कैदी सूड घ्यायला घरी येऊ नयेत म्हणून. अर्ज दिला की आम्ही झाकतो."

"मग मीही देते अर्ज."

"तू कुठे पहारेकरी आहेस? त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाच मिळतं ते." कॉरीन थांबली. पुढचं बोलावं की नाही असं तिला वाटलं असावं, पण जुनी मैत्रीण होती, बोलून गेली. "तू होतीस की त्यात. बायको म्हणून. तुझं नाव कुठेच दिसत नव्हतं, मतदारयादीतसुद्धा नाही. घटस्फोटाचा कागद आला तेव्हा मीच काढलं तुला त्या यादीतून. काढावं लागतं."

ट्वायलानं खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले.

"म्हणजे त्याच्या घरात मार खात होते," ती हळू म्हणाली, "तोवर मला बाहेरचं कोणी शोधू शकत नव्हतं."

कॉरीननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"बरोबर ना? तोवर काउंटी मला जपत होती. आणि तिथून बाहेर पडल्याबरोबर तुम्ही माझ्या दाराचा फोटो काढून लावलात."

"ट्वायला, मी नुसती नोकरी करते गं."

दार उघडून लॉईड हचिन्स बाहेर आले. कर-आकारणीचे निवडून आलेले अधिकारी. दर निवडणुकीत मक्याच्या कणसांची मेजवानी देतात आणि दर वेळी निवडून येतात. आवाज मोठा, मन मोकळं, कोणाचंही वाईट न चिंतणारा माणूस. अशा माणसांशी भांडणं फार कठीण असतं.

"काय झालं बाळा?" ते ट्वायलाला म्हणाले.

"बाळा म्हणू नका. माझ्या गुडघ्यांना वय विचारा."

ते मनापासून हसले. मग सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. "वाईट वाटतं. खरंच वाईट वाटतं. पण हा नकाशा जनतेचा आहे. या वसंतात आपण नावावरून शोधायची सोय केली, फोटो लावले. आजूबाजूच्या काउंट्यांत असा नकाशा नाही. लोक घरबसल्या बघतात. दोन राज्यांपलीकडचा माणूस इथली जमीन बघून विकत घेतो. पूर्वी त्याला इथवर यावं लागायचं, या खिडकीशी उभं राहून मोठी बाडं उघडावी लागायची."

"आणि मी विचारायचे, कशाला हवंय," कॉरीन खाली बघत म्हणाली.

"तेच तर," लॉईड म्हणाले. "आता कोणी विचारत नाही. आणि बघ, लहान काउंटी आहे आपली. नकाशा नसता तरी त्यानं चार जणांना विचारून शोधलंच असतं की."

"विचारू दे ना!" ट्वायलाचा आवाज चढला. "चार जणांना विचारू दे. विचारणाऱ्याचं तोंड दिसतं लॉईड. आमच्या स्वयंपाकघरातल्या नोरीनला विचारायला आला असता तर तिनं त्याला डावानं हाणला असता आणि संध्याकाळपर्यंत मला फोन आला असता. तुमचा नकाशा मला फोन करतो का? कोण बघून गेलं ते सांगतो का?"

"ते सांगता येत नाही. बघणाऱ्याचीही काही खासगी बाब असते."

हे वाक्य त्यांनी सरळ मनानं म्हटलं. मी अजूनही रात्री झोप लागण्याआधी त्या वाक्याला उत्तरं शोधतो. तेव्हा खिशातल्या हाताची मूठ तेवढी वळली होती, आणि ती कोणाला दिसत नव्हती.

"एक करता येईल," लॉईड म्हणाले. "घर भावाच्या नावावर कर. होबार्ट चांगला माणूस आहे. समोरच्या नोंदणीच्या खोलीत एका पानाचं काम. मग नकाशावर होबार्टचं नाव येईल. लोक करतात असं."

ट्वायला त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या बापाचं घर बापाच्या नावावर होतं, ते होबार्टला गेलं. क्वॉरीच्या रस्त्यावरचं घर डॅरलच्या नावावर होतं. पिजन फोर्कचं घर घेतलं त्या दिवशी खरेदीखतावर सही करून ती सरळ लायब्ररीत आली होती आणि मला तो कागद दाखवला होता. नुसतं पहिलं पान, जिथे तिचं नाव होतं. "बघा कसं दिसतंय," म्हणाली होती, जणू एखाद्या बाळाबद्दल बोलावं.

"म्हणजे मला वाचवायचं तर घर माझं नको," ती म्हणाली.

"कागदावर नको. राहायला तुझंच."

ते गेल्यावर कॉरीन खिडकीतून पुढे वाकली. "तेही करू नकोस," ती पुटपुटली. "नाव बदललंस तरी खाली आधीचा मालक म्हणून तू दिसतेस. लॉईडला ठाऊक नाही. तो स्वतः नकाशा उघडतच नाही."

"मग काय करू?"

"मंगळवारी काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांची सभा आहे. तिथे बोल. नियम बदलायचे तर तेच बदलू शकतात. जनतेतल्या कोणालाही तीन मिनिटं मिळतात."

मंगळवारी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पाचही बायका आल्या. मुलांच्या जेवणाची आदल्या दिवशीच तयारी करून, केसांवरच्या जाळ्या न काढताच. पुढे नोरीन, दाराएवढी रुंद, बोलायला लागली की खिडक्या वाजतात अशी. मी दोन पानं लिहून आणली होती. ती पाचव्यांदा वाचत होतो आणि प्रत्येक वेळी ती आणखी वाईट वाटत होती.

सभागृहाच्या दाराशी पहाऱ्याला तुरुंगातला माणूस ठेवतात. आळीपाळीनं कोणाचीही ड्युटी लागते. त्या दिवशी डॅरल होता. मुद्दाम मागून घेतली होती की योगायोग होता, मला सांगता येणार नाही. त्यानं ट्वायलासाठी दार धरून ठेवलं.

"सकाळ छान आहे, ट्वायला," तो म्हणाला.

"दार सोड, डॅरल," नोरीन म्हणाली. "आम्हाला हात आहेत."

तो हसला आणि दार सोडलं. गणवेशाला कडक इस्त्री होती. कमरेला किल्ल्या.

आधी एका पुलाच्या दुरुस्तीवर चर्चा झाली. मग जत्रेच्या मैदानाच्या कुंपणावर. मग अध्यक्ष एमरी कोट्स यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "जनतेचं म्हणणं. यादीतलं पहिलं नाव, ट्वायला मॅगर्ड."

ट्वायला समोरच्या माइकशी गेली. तो तिच्यासाठी उंच होता. तिनं तो खाली केला.

"माझं म्हणणं नकाशाबद्दल आहे."

"मॅडम," कोट्स म्हणाले, "आधी नाव आणि पत्ता. नोंदीसाठी."

ही इथली रीतच आहे. मी कितीतरी सभांना बसलो आहे, प्रत्येक जण उठतो, नाव सांगतो, पत्ता सांगतो, आणि मग रस्त्यातल्या खड्ड्यावर बोलतो. इतकं अंगवळणी पडलेलं की मलासुद्धा आधी सुचलं नव्हतं. ट्वायलालाही नव्हतं. माइकच्या दांड्यावर तिचा हात तसाच राहिला.

"माझा पत्ता लोकांना दिसू नये, हेच मागायला मी आलेय," ती म्हणाली.

"समजलं. पण पत्ता सांगितल्याशिवाय मला बोलू देता येत नाही. बाहेरच्या काउंटीतले लोक येऊन बोलतात, म्हणून नियम आहे."

"एमरी, तू मला ओळखतोस. तुझ्या तिन्ही मुलांना मी जेवायला वाढलंय."

"ओळखतो. तरी नियम आहे." त्यांना लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. पण त्या लाजेनं नियम काही बदलला नाही. "हवं तर लेखी देऊ शकता. तेही नाव-पत्त्यासकटच लागेल."

"अरे तो मागे उभा आहे!" नोरीन बसल्या जागेवरून ओरडली. "तुमच्याच दाराशी उभा आहे, तुमच्याच पगारावर!"

"शांतता," कोट्स म्हणाले.

डॅरल दाराला टेकून उभा होता. हात पोटावर बांधलेले. चेहऱ्यावर काहीच नाही. एखादा माणूस आपला नंबर यायची वाट बघतो तसा.

ट्वायला मागे वळली. त्याच्याकडे नीट बघितलं. मग पुन्हा माइककडे तोंड केलं, आणि शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारा तो तिचा आवाज बाहेर आला.

"ट्वायला मॅगर्ड. चारशे बारा, पिजन फोर्क रोड. रस्ता संपतो तिथलं घर. दाराला एक कडी आहे. घरात मी एकटी असते. हे सगळं तुमच्या नकाशावर आहे, आज मी तोंडानं सांगितलं इतकंच. लिहिलंत?"

सेक्रेटरी बाई टाइप करत होती. तिनं मान हलवली.

"आता दुसरा पत्ता लिहा. डॅरल पिटमन. क्वॉरी रोड, चर्चच्या मागचं ति—"

कोट्स यांचा हातोडा टेबलावर आदळला. "मॅडम! ते सांगता येत नाही. त्यांचा पत्ता कायद्यानं संरक्षित आहे."

"आणि माझा?"

"ते नोंदीतून काढा," कोट्स सेक्रेटरीला म्हणाले.

"माझा काढला का?"

कोणीतरी माइक बंद केला. पुढे ती काय बोलली ते पहिल्या दोन रांगांनाच ऐकू आलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. ती म्हणाली, "मग मला सांगा, मी राहते ती काउंटी कुठली, आणि तो राहतो ती कुठली? नकाशावर तर एकच दिसते."

माझ्या हातातली दोन पानं तशीच राहिली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो, नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पुढचं काही येईना. शेवटी "ती म्हणाली तेच" एवढं म्हणून खाली बसलो. नोरीननं माझ्या पाठीवर थाप मारली. ती तिनं प्रेमानं मारली होती, पण खांदा दोन दिवस दुखत होता.

त्या सभेचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी काउंटीच्या वेबसाइटवर आलं. त्यात लिहिलं होतं: ट्वायला मॅगर्ड, ४१२ पिजन फोर्क रोड, यांनी नकाशाबद्दल तक्रार मांडली. विषय अभ्यासासाठी ठेवला.

डॅरलबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यानंतर काही दिवस नोरीन आणि बाकीच्या बायका आळीपाळीनं तिच्याकडे झोपायला जात. ट्वायलानं दाराला दोन कड्या आणखी बसवून घेतल्या. ती लायब्ररीत आली की मी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलायचो, म्हणजे बोलायचा प्रयत्न करायचो. तीही हसायची. मला वाटलं, निभावेल.

मग एका गुरुवारी ती कामावरून घरी गेली आणि अंगणातलं गवत कापलेलं होतं.

तिनं मला फोन केला. नोरीनला बोलवायला तिनं आधीच फोन केला होता, मग मला का केला ते ठाऊक नाही. मी गेलो तेव्हा दोघी फाटकाबाहेर रस्त्यात उभ्या होत्या. आतलं गवत एकसारखं कापलेलं, तिरक्या सरळ पट्ट्यांत, बेसबॉलच्या मैदानावर कापतात तसं. कडेकडेनं, पायऱ्यांच्या भोवती, झाडांच्या बुंध्याशी, सगळीकडे निगुतीनं. कापलेलं गवत गोळा करून कोपऱ्यात ढीग लावलेला. काहीही मोडलेलं नव्हतं. दाराला हातसुद्धा लावलेला नव्हता.

"तो असाच कापायचा," ट्वायला म्हणाली. "तिरकं."

पोलिसांचा माणूस आला. तो आमच्याच लायब्ररीत लहानपणी डायनॉसॉरची पुस्तकं न्यायला यायचा. त्यानं अंगणाला चक्कर मारली, टोपी काढून डोकं खाजवलं.

"कोणी कापताना बघितलं का?"

"रस्ता इथे संपतो," ट्वायला म्हणाली. "इथे कोण बघणार?"

"गवत कापणं हा गुन्हा होत नाही, मॅडम. फार तर विनापरवाना आत शिरणं. तेही कोण ते कळलं तर."

नोरीननं त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. तो लाल होऊन गाडीत बसला. मीही काहीतरी बोललो, आणि या खेपेला मोठ्यानं. काय बोललो ते आठवत नाही, पण नोरीन चकित होऊन माझ्याकडे बघत होती, आणि पोरानं काच वर केली हे आठवतं. राग असा उशिरा आणि चुकीच्या माणसावर निघाला की त्याचा कोणाला काही उपयोग होत नाही.

ट्वायला मात्र चिडली नाही. ती फाटकातून आत गेली, कापलेल्या गवतावरून चालत पायऱ्यांपर्यंत, आणि तिथे उभी राहून घराकडे बघत राहिली. तिथून वळली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि या खेपेला खुर्चीवर बसली.

"मिस्टर ऑर्विल, एक सांगा. भाडेकरूचं नाव नकाशावर येतं का?"

"नाही. फक्त मालकाचं."

"नक्की? नीट बघून सांगा."

मी तीन-चार इमारती उघडून दाखवल्या. वर राहणारी माणसं मला माहीत होती. त्यांची नावं कुठे नव्हती. सगळीकडे एकच मालक, शहरातली कुठली तरी कंपनी.

तिनं त्या कंपनीच्या नावावर बोट टेकवलं.

"ज्याचं काहीच नाही, त्याला कोणी शोधू शकत नाही," ती म्हणाली. "हे मला आधीच कोणी सांगितलं असतं तर एवढा खटाटोप केला नसता." आणि मग, मला काही म्हणायला लागू नये म्हणून असेल, उठता उठता म्हणाली, "त्या कंपनीला मात्र मजा आहे. तिला कोण मारणार?"

घर शरद ऋतूत विकलं गेलं. दोन राज्यांपलीकडच्या एका जोडप्यानं घेतलं. ते इथे आले नव्हते. नकाशावर बघितलं, फोटो आवडला. ती कुठे गेली ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही. ही नावंही मी बदलली आहेत, रस्त्याचं आणि ओढ्याचंही. बाकी जसं घडलं तसं सांगायचा प्रयत्न केला आहे. जमलं का ते मला कळत नाही.

सामान पोचवायला नोरीनचा ट्रक होता आणि मी पुस्तकांची खोकी वाहायला गेलो. जिना उंच होता, मी वाटेत दोनदा बसलो. खोल्या दोन, खिडकी मागच्या बोळात उघडणारी. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं. नोरीननं चहाचं पाणी ठेवलं आणि आम्ही खोक्यांवर बसून तिनं आणलेला मक्याचा कॉर्नब्रेड खाल्ला. डोळे पुसायचे तर पुसा, पण माझ्या कॉर्नब्रेडला नावं ठेवू नका, असं नोरीन म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

निघताना ट्वायला आम्हाला खाली सोडायला आली. जिन्याच्या तळाशी भिंतीवर पत्रपेट्यांची रांग होती, प्रत्येक पेटीवर नाव सरकवायला एक लहानशी खाच. बाकीच्यांत नावं होती, काही टाइप केलेली, एक लहान मुलाच्या अक्षरातलं. तिची रिकामी होती.

"मोकळी दिसली की वाटतं, इथे कोणी राहत नाही," ती म्हणाली. "मग पोस्टमन टाकत नाही."

तिनं खिशातून एका पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा काढला. कॉर्नब्रेडच्या डब्याचाच असावा. तो खाचेत घालून बघितला, किंचित रुंद होत होता. नोरीनकडून कात्री मागून घेतली, भिंतीला टेकवून एक कड सरळ कापली, मग दुसरी. पुन्हा घालून बघितला. बसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तिनं अंगठ्यानं दाबून तो चारी बाजूंनी सारखा केला, आणि जरा मागे सरून, डोकं एका बाजूला कलतं करून, तो सरळ लागलाय ना ते बघत राहिली.